दारातून दिसेल असा बल्ब

"हात नको लावू काचेक! फडक्यान धर गे, फडक्यान!"

बाबलमामा एवढ्या जोरात ओरडला की दुकानाबाहेर बांधलेली शेजाऱ्यांची बकरी दचकून उभी राहिली.

"लावलंय खंय? नुसता बघतंय," मी म्हटलं.

"बघता बघता बोट टेकवशीत. बोटाचा तेल काचेक लागला आणि बल्ब तापलो की फाट करून फुटतलो. मगे तुझो भाऊस काळोखात समुद्राच्या तळाक बसान आरती म्हणतलो काय?"

मी फडकं घेतलं. मामाच्या जिभेला हाड नव्हतं, पण विजेच्या कामात तो चुकत नसे. दहावीनंतर मी त्याच्याच दुकानात होते. मोटारी बांधायच्या, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, ट्रकचे भोंगे दुरुस्त करायचे. मुलीच्या जातीला हे काय काम, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचेच पंप बिघडले की मात्र दुपारच्या उन्हात मला बोलवायला यायचे.

त्या दिवशी टेबलावर दोन बल्ब होते. एक स्कूटरचा साधा, पिवळा, बोराएवढा. दुसरा जीपच्या हेडलाइटचा हॅलोजन. दोघांच्या मधे जाड पत्र्याचा एक स्टीलचा डबा. मामाने त्याच्या झाकणाला गोल भोक पाडून तिथे एका मोडक्या होकायंत्राची जाड काच बसवली होती. काचेखाली ट्यूबच्या रबराची कडी, कडीला भरपूर ग्रीस. डब्याच्या बुडातून वायर बाहेर काढली होती. बॅटरी वर होडीत राहणार, वायर सोडत डबा खाली जाणार. बाजारात पाणबुड्यांचा तयार टॉर्च मिळतो असं आम्ही ऐकून होतो, पाहिला कुणीच नव्हता.

माझा धाकटा भाऊ दिगू कोपऱ्यात खोक्यावर बसून होता. बुडी त्यालाच मारायची होती.

आमचे बापूस, सखाराम कोयंडे, दसऱ्यानंतरच्या वादळात गेले ते परत आलेच नाहीत. होडीवर दोघंच होते, ते आणि पांडू खलाशी. पांडू फळीला धरून किनाऱ्याला लागला. त्याने सांगितलं, मशीन बंद पडलं म्हणून सखारामदादा खाली मशीनच्या खोलीत उतरले, तेवढ्यात लाटेने होडी पालथी केली. पुढे त्याने काही पाहिलं नव्हतं. मग ज्याच्या तोंडी जे येईल ते. कुणी म्हणे, त्या वादळात एक मोठं जहाज जवळून जाताना दिसलं होतं, त्यांनी उचललं असेल. कुणी म्हणे, माणसं वाहत पार दुसऱ्या देशाला लागतात आणि वर्षांनी परत येतात. आये हे सगळं ऐकून घ्यायची. कपाळावर कुंकू लावायची आणि मासळीला हात लावायची नाही.

आमच्यात रीत अशी की माणूस गेला तर त्याच्या बायकोने त्याचं तोंड बघायचं. तोंड बघितल्यावर मग कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं. तोंडच बघितलं नाही तर काय पुसायचं? मावश्या, काकवा घरी येऊन सुचवून गेल्या. आयेने सगळ्यांना एकच सांगितलं, "माका दाखवा, मगे पुसतंय."

पौषात एका ट्रॉलरचं जाळं खाडीच्या तोंडाबाहेर, खडकापाशी अडकलं. सोडवायला त्यांच्या पाणबुड्याने बुडी मारली तर खाली आमची होडी. सहा वाव, म्हणजे पस्तीस-छत्तीस फूट पाण्यात, कुशीवर पडलेली. मशीनच्या खोलीचं दार उघडं, पण आत मिट्ट काळोख, असं तो पाणबुड्या म्हणाला. म्हणून हा डब्यातला दिवा. आत बापूस आहेत की नाहीत, एवढंच बघायचं होतं.

"ह्यो लहानच बरो," मामाने पिवळा बल्ब उचलला. "समुद्राचा पाणी म्हणजे विहिरीचा पाणी न्हय. गढूळ पाण्यात मोठो उजेड मारलो तर तोच परत डोळ्यांत येता. धुक्यात गाडी चालवलली आसा काय कधी? थोडो उजेड, थोडा दिसता, पण जा दिसता ता खरा दिसता."

"थोडा म्हणजे किती?"

"हातभर."

"हातभर दिसूक तेका आत शिराक होया," मी उसळून म्हटलं. "वाकड्या पडलेल्या होडीत, जाळ्याच्या गुंत्यात, छातीत एक दम घेऊन! बापूस गेलो तो गेलो, आता भावाकय थंयच ठेवूचो काय? मोठो घाल. दारातसूनच सगळा दिसाक होया. दारातून बघायचा आणि वर येवचा. आत पाऊल टाकूचा नाय."

"आणि बॅटरी उतरली मगे?"

"एका बुडीक कितीशी उतारता? फुल्ल चार्ज करतंय मी."

"गावकारांच्या जीपची बॅटरी ती, चार्जिंगक ठेवलली! तुझ्या बापाशीची न्हय!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने जीभ चावली.

दारात आये उभी होती. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. हातात आमच्या जेवणाचा डबा. तिने टेबलावरचे दोन्ही बल्ब पाहिले, मामाकडे पाहिलं.

"मोठो घाल रे बाबल्या," ती म्हणाली. "माका माझो घोव बघूचो आसा. सुंगटा नाय बघूची."

संपलं. तिला नवरा बघायचा होता, हातभर उजेडातली कोळंबी नव्हे; थोरल्या बहिणीपुढे मामाचं काय चालणार? फडक्याने धरून हॅलोजन मीच बसवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या विहिरीवर चाचणी. खरं तर पाणी आत शिरत नाही ना, एवढंच बघायचं होतं. पण वाडीत गोष्ट लपते होय? सगळी वाडी कठड्याभोवती. मामाने ताकीद दिलेली, डबा पाण्यात गेल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर आतल्या आत तापून काच तडकेल. दिगूने दोरी सोडली, डबा बुडाला, आणि मी वायरीचे चिमटे बॅटरीला लावले.

काय सांगू! विहिरीत सूर्य उगवला. तळाची वाळू दिसली, दगडाच्या फटीतला खेकडा दिसला, कुणाचं तरी तुटलेलं कंगव्याचं दाताड दिसलं. आणि एका बाजूला, निम्मा रुतलेला, सरूकाकीचा पितळेचा तांब्या दिसला.

तो तांब्या वाडीत गाजलेला होता. सुनेने तो माहेरी पोचवला असं सरूकाकी गेली दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. सून तिथेच उभी होती. तिने आधी तांब्याकडे बघितलं, मग सासूकडे.

"शिरा पडली ती तोंडार!" तिने गर्दीसमोर शिवी हासडली. सासूला असं म्हटल्याबद्दल एरवी गहजब झाला असता, पण लोक हसून लोटपोट झाले. सरूकाकीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी आये हसली.

"ह्या उजेडाफुडे काय लपाचा नाय," म्हातारा भिकू तांडेल म्हणाला. आमच्या समाजात त्याचा शब्द शेवटचा. "उद्या दिगू सांगात ता सगळ्यांनी मानूचा. परत परत त्या होडीक कोणी ढवळूचा नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझ्या बल्बाचा केवढा अभिमान वाटला मला! मामा तेवढा पुटपुटला, "विहिरीचा पाणी पेवचा पाणी, बाबांनो." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पण दैवाने समुद्रही त्या सकाळी विहिरीसारखाच होता. वारा नाही, लाट नाही. मागून आणलेल्या होडीवर दिगू, पांडू आणि मी. खरं तर बॅटरी सांभाळायला मामा येणार होता, पण तो गबिताचा, दर्यावर जगणाऱ्या जातीचा पोर असून होडीत पाय ठेवला की ओकतो. बाईमाणूस नको म्हणून एकदोघांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, चिमटे लावायला मग तुम्ही या. कोणी आलं नाही.

आये किनाऱ्यावर वाळूत बसली होती. होडीतून ती ठिपक्याएवढी दिसत होती, पण हिरवं लुगडं ओळखू येत होतं.

दिगू आधी नुसताच जाऊन दार कुठे आहे ते बघून आला. मग होडीच्या कडेला धरून बराच वेळ श्वास घेत राहिला.

"दारातून बघायचा," मी बजावलं. "आत जावचा नाय. माझी शपथ आसा."

"होय गे."

कमरेला दोरी बांधून तो डबा घेऊन गेला. दोरीला हिसका बसला तसे मी चिमटे लावले. पाण्याखाली हिरवागार उजेडाचा गोळा पेटला. खाली सरकला, लहान झाला, वळला. मग थांबला. हलेचना. पांडू हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. एवढा वेळ त्याचा दम पुरेल का, अडकला तर नाही, असं वाटून मी दोरी ओढणार, तोच उजेड एकदम कलंडला आणि दिगू वर आला. डबा त्याने सोडून दिला होता, तो वायरीला खाली लोंबकळत होता.

होडीच्या कडेला धरून तो आधी ओकला.

"खारा पाणी गेला," तो म्हणाला.

"दिगू! काय दिसला?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. किनाऱ्याकडे, त्या हिरव्या ठिपक्याकडे बघितलं.

"मशीन आसा. जाळा आसा. माणूस नाय."

"नीट बघलंस?"

"दारातसून सगळा दिसला. लख्ख. नाय कोण."

पांडू ढसाढसा रडायला लागला. मला काय वाटलं ते सांगू? मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण आधी मनात आलं, बघा, माझा बल्ब चालला.

किनाऱ्याला लागेपर्यंत माणसं गोळा झाली होती. भिकू तांडेलाने विचारलं, दिगूने तेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. आये त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या ओल्या केसांतून हात फिरवला.

"नाय ना थंय?"

"नाय, आये."

"मगे वाचलो तो," ती म्हणाली. "खंयतरी लागलो असतलो. येतलो."

त्या दुपारी आयेने बांगड्याचं तिखलं केलं. दसऱ्यापासून आमच्या चुलीवर मासळी चढली नव्हती. तिने दोनदा भात घेतला. दिगूच्या पानात वाढायला गेली तर त्याने हात आडवा धरला. पोटात मळमळतं म्हणाला. त्यानंतर त्याने मासळी कधीच खाल्ली नाही. लोकांनी किती चिडवलं, गबिताच्या घरात बामण कसा जन्मला म्हणून. पाण्यातही तो पुन्हा उतरला नाही. कणकवलीला आंब्याच्या कारखान्यात लागला, तिथेच घर केलं. मला वाटायचं, बापूस गेल्याची भीती बसली. इतकंच.

आये वाट बघत राहिली. वाट बघणं म्हणजे रडत बसणं नव्हे, हां. तिचं सगळं रीतसर होतं. बापसांची खाट दर शनिवारी उन्हात घालायची. नारळी पुनवेला स्वतः नारळ घेऊन खाडीवर जायची. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायची. दिगूने कितीदा म्हटलं, कणकवलीला चल, नातवंडांत रमशील. तिचं उत्तर ठरलेलं. "तो येतलो आणि दाराक कुलूप बघतलो."

दरवाजाला तिने कधी कुलूप लावलं नाही. लग्न करून मला त्याच वाडीत दिलं होतं म्हणून बरं. माझ्या मुलीच्या लग्नाला ती मांडवात अक्षता टाकण्यापुरती आली आणि पंगत बसायच्या आत घरी परतली.

बारा वर्षं झाली तेव्हा भिकू तांडेलाचा मुलगा आणि आणखी चौघे घरी आले. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो सुटतो आणि मागची माणसंही सुटतात. शास्त्र आहे तसं. दिगूही आला होता. मला आठवतं, आयेला समजावायला सगळ्यांत पुढे तोच होता.

"आये, करूया ता. किती दिवस असा रवाचा?"

"तू सांगतंस ह्या?" आये त्याच्यावर उखडली. "तू? ह्यांनी कोणी बघूक नाय. तू बघलंस. सूर्यासारखो उजेड लावून बघलंस. विहिरीतलो तांब्यो चुकलो नाय त्या उजेडाक, माणूस चुकतलो? नाय म्हणजे नाय. जित्या माणसाक आग लावूक सांगतंस आवशीक?"

सरूकाकीच्या सुनेनेसुद्धा मान डोलावली. तांब्या चुकला नव्हता, हे खरंच होतं. मंडळी चहा पिऊन गेली. विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या मार्गशीर्षात आये गेली. सकाळी खाट उन्हात घातली आणि तिच्यावरच टेकली. मी कोंबड्यांना दाणे टाकून येईपर्यंत संपलं होतं.

तुम्हाला माहीत असेल, सवाष्ण गेली की तिचा थाट असतो. आम्ही तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. वाडीतल्या बायका रांगेने पाया पडायला आल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच. "भाग्यवान गे बाई. घोवाच्या आधी गेली. कुंकवान गेली." तिच्या कपाळाचं कुंकू बोटाला घेऊन एकेक जण आपल्या कपाळाला लावत होती. सवाष्णीचं कुंकू, घोवाला आयुष्य मिळतं.

दिगूची बायको, निर्मला, पुढे झाली. तिने वाकून नमस्कार केला, आयेच्या कपाळाला बोट लावलं आणि आपल्या कपाळाकडे नेलं.

दिगूने तिचं मनगट पकडलं.

"लावू नको."

"अहो, काय करताय? सगळी बघतत."

"ता कुंकू लावू नको म्हणतंय ना!" त्याने आपल्या सदऱ्याच्या कडेने तिचं बोट पुसलं. खसाखसा, लहान मुलाचं पुसावं तसं. मी त्याला दंडाला धरून मागच्या पडवीत ओढलं.

"याड लागला तुका? आज? तिच्या फुड्यात?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. पन्नाशीचा माणूस, अर्धे केस पिकलेले.

"शालन, बापूस थंयच होतो."

मला कळलंच नाही. "खंय?"

"मशीनीपाशी. कमरेचो करगोटो दिसलो. चांदीचो. आयेन लाल दोऱ्यात ओवून दिललो तोच."

बाहेर कुणीतरी बांबू तासत होतं. तो आवाज मला ऐकू येत राहिला.

"मगे तू..."

"तोंड बघूक मागली असती ती. रीत ना आपली? तोंड बघल्याशिवाय पुसाचा नाय." त्याने दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा झाकला. "तोंड नव्हता गे. काय वर आणून दाखवलंय असतंय मी तिका? म्हटलं, आज नाय म्हणूया, उद्या सांगूया. आणि घरी येवन ती भात जेवली. दोनदा घेतल्यान. कसा सांगूचा?"

मला त्याला मारावंसं वाटलं. कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्या खाटेचा विचार डोक्यात आला. दर शनिवारी ती एकटी उचलून अंगणात न्यायची, पाय लटपटायला लागले तरी. मी हात लावायला गेले तर म्हणायची, माझ्या घोवाची खाट, मी घालतंय.

आणि मग मी एक वेड्यासारखं बोलले. "दिगू, पाणी गढूळ असात. मामा म्हणत होतो, मोठो उजेड गढूळ पाण्यात फसवता. दोरी असात, जाळ्याचा चकाकता काय असात. भास झालो असात तुका. दारातूनच बघल्लंस ना तू? आत जावन खंय बघलंस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"लहान बल्ब असतो ना," तो हळू म्हणाला, "तर दारातसून माका काय दिसाक नसता. वर येवन खरा सांगलंय असतंय, काय समाजला नाय म्हणान. कोणीतरी दुसरो गेलो असतो. नायतर बारा वर्षांनी आयेन पुतळो तरी जाळूक दिल्यान असतो." त्याने नाक पुसलं. "पण तुझो बल्ब बरो होतो, शालन. सगळा दिसला."

आतून हाक आली. उचलायची वेळ झाली होती, आणि शेवटचं कुंकू लेकीने लावायचं असतं. मी आत गेले. आयेच्या कपाळावर निर्मलाच्या बोटाची रेघ उठली होती. करंड्यातलं कुंकू घेतलं, ती रेघ बुजवली, आणि तिच्या सवयीप्रमाणे मोठं, गोल कुंकू लावलं. बायका पुन्हा म्हणाल्या, भाग्यवान बाई.

मी म्हटलं, "होय."